हळदीच्या चालीवर चहा

वरणगावच्या फॅक्टरीत मी फिटर होतो, पण आमच्या भागात लोक मला ओळखत ते गाण्यांमुळे. कुणाच्या घरी लग्न निघालं की माणूस दारात यायचा. हळदीचं एक गाणं पाहिजे, विहिणीला चिमटे काढणारं एक पाहिजे, लेक निघताना सगळ्यांना रडवणारं एक पाहिजे. मी ड्यूटीवरून येऊन, हातपाय धुऊन, ओट्यावर बसून ती करायचो. भुसावळच्या एकानं त्यातली काही कॅसेटवर भरली, बँडवाल्यांनी उचलली, आणि मग ती कुणाची आहेत हे कुणी विचारेनासं झालं. मला त्याचं वाईट वाटत नसे. एसटीत शेजारी बसलेला अनोळखी माणूस आपलंच गाणं गुणगुणतो तेव्हा गप्प बसून ऐकण्यात जी मजा असते, ती मी भरपूर घेतली.

एक्क्याण्णव सालच्या थंडीत, भरिताची वांगी बाजारात यायला लागली होती तेव्हाची गोष्ट. सकाळी नळावर दात घासत होतो. ब्रश हातातून पडला. तो उचलायला वाकलो तर उजवा हात माझं ऐकेना. सुनंदाबाई, म्हणजे आमची मंडळी, चुलीपाशी होती. तिला सांगायला गेलो की हात जड झालाय गं, तर तोंडातून नुसता घरघराट निघाला. ती धावत आली एवढं आठवतं.

दवाखान्यातून घरी आलो तो उजवा हात गळ्यात, उजवा पाय लुळा आणि वाचा गेलेली अशा अवस्थेत. लोक बोलत ते सगळं समजत होतं. मनात शब्द अगदी ओळीनं उभे असत. पण तोंड उघडलं की एकही बाहेर येत नसे. भेटायला येणारे लोक मोठ्यानं बोलत, जसा काही मी बहिरा झालो होतो. कुणी माझ्यासमोरच सुनंदाबाईला विचारत, "आता गाणी संपलीच म्हणायची?" ती उठून आत जायची आणि चहा ठेवायची.

घरात पोर्टेबल टीव्ही होता, शटरवाला, काळापांढरा. मी कधी तो धड पाहिला नव्हता. टीव्हीमुळे लोकांची गाणी बंद पडतात, असं माझं मत होतं आणि ते मी चारचौघांत सांगतही असे. आता माझी खाटच त्याच्यासमोर टाकली होती. पाहण्यावाचून इलाज नव्हता, आणि पाहता पाहता मला तो आवडायला लागला, हे कबूल करतो. बातम्या वाचणारी बाई कुठे श्वास घेते ते मी पाहायचो. जाहिराती तर मी आधी नाक मुरडून सोडून द्यायचो. त्यांच्याविषयी माझं मत पार बदललं. एक दंतमंजनाची जाहिरात होती. एवढ्याशा वेळात ती करणाऱ्या माणसानं चाल बसवली, यमक जुळवलं, मंजन विकलं आणि तो निघूनही गेला. मला हळदीच्या गाण्यात नवरीपर्यंत पोचायलाच तीन कडवी लागायची.

शेजारच्या क्वार्टरमध्ये धनसिंग राहायचा. शिरपूरकडचा माणूस, फॅक्टरीच्या कबड्डी संघाचा जुना खेळाडू, आता तोच संघाला शिकवायचा. बोलणं सगळं अहिराणी. त्या फाल्गुनात ऑस्ट्रेलियात वर्ल्ड कप चालू होता आणि खेळ आपल्याकडे पहाटेच सुरू व्हायचा. धनसिंगकडे टीव्ही नव्हता. तो कानाला मफलर गुंडाळून, स्वतःची कपबशी घेऊन आमच्याकडे यायचा.

एका सकाळी पडद्यावर नुसत्या मुंग्या. सुनंदाबाई दूध आणायला गेलेली. धनसिंग अँटेना फिरवायला गच्चीवर चढला आणि वरून ओरडला, "जीवरामभाऊ, चित्र उनं का?"

चित्र आलं का, एवढंच विचारत होता, पण घरात मी एकटा. मला काय उत्तर देता येणार?

"आते उनं का? का बठ्ठ्या मुंग्याच शेतस?"

खाटेशेजारी स्टीलची ताटली पडली होती. मी ती डाव्या हातानं खाटेच्या लोखंडी दांड्यावर एकदा आपटली. वर अँटेना करकरली. मी पुन्हा एकदा आपटली. आणखी करकर. मग पडद्यावर अचानक हिरवळ दिसली, म्हणजे करडी दिसली, पण ती हिरवळ होती. मी ताटली धडाधडा वाजवली, थांबलोच नाही. अगदी बँडच्या ठेक्यावर वाजवली. धनसिंग खाली आला तो हसत हसत, आणि दारातच त्यानं दोन पावलं नाचून घेतली.

दवाखान्यानंतर मी कुणाच्या उपयोगी पडलो असा तो पहिलाच दिवस. खेळात आपली माणसं हरली. मला त्याचं फारसं दुःख झालं नाही.

पुढच्या आठवड्यात माझी थोरली बहीण, बेबाबाई, असोद्याहून राहायला आली. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. तिला मी अक्का म्हणतो. येताना केळीची अख्खी फणी आणि ज्वारीचं पीठ घेऊन आली. सुनंदाबाईच्या मनाला जरा विरंगुळा म्हणून दोघींनी अंगणात बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायला घेतल्या. शिजवलेलं पीठ ओल्या कापडावर थापायचं, उन्हात वाळवायचं. मी आत खाटेवर, दार उघडं. अक्का थापता थापता गात होती. गाणं माझंच होतं, तिच्याच मुलीच्या हळदीला केलेलं:

"हयद लागली माझ्या लेकीले, पिवया झाला वारा,
केयीच्या पानी वाढू कोनाले..."

तेवढ्यात कुणाची तरी शेळी आत शिरली आणि तिनं सरळ बिबडीवर तोंड टाकलं. अक्का गाणं टाकून उठली. "हाड! हाड! सुनंदे, काठी आन वं!"

ओळ तशीच लोंबकळत राहिली. आणि कुणीतरी ती पुरी केली.

"जेवाले आला गाव सारा."

शब्द स्वच्छ होते, सूरही बरा होता. मला वाटलं रस्त्यावरून कुणी चाललंय. मी दाराकडे पाहिलं तर दारात सुनंदाबाई उभी, हातात काठी, तोंड उघडं. तिच्या मागे अक्का. शेळी निवांत खात होती.

"अहो," सुनंदाबाई हलकेच म्हणाली, "तुम्ही म्हणालात?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं. परत तोच घरघराट. माझे डोळे भरून आले. पण अक्का शहाणी. ती खाटेवर येऊन बसली, पिठाचे हात तसेच माझ्या खांद्यावर ठेवले आणि म्हणाली, "जिवा, बोलू नको. कायीच बोलू नको. माह्यासंगं म्हन." तिनं पहिल्यापासून गाणं सुरू केलं, आणि मी तिच्यामागून गेलो. एक ओळ, दुसरी, पूर्ण गाणं. सुनंदाबाई काठी हातात घेऊन खालीच बसली आणि ओक्साबोक्शी रडली.

जळगावच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, असं होतं कधी कधी. मेंदूतली बोलण्याची जागा दुखावली तरी गाण्याची शाबूत राहते. त्या वाटेनं हळूहळू बोलणं परत आणता येईल, पण घरच्यांनी साथ दिली पाहिजे.

घरची म्हणजे सुनंदाबाई. तिच्या गळ्यात सूर अजिबात नाही. देवळात आरतीलासुद्धा ती नुसते ओठ हलवायची. त्याच बाईनं दुसऱ्या दिवशी सकाळी दारं-खिडक्या लावून घेतल्या, माझ्यासमोर पाटावर बसली आणि हळदीच्या चालीवर गायली, "चहा पाहिजे का हो तुम्हाले, साखर कितीक टाकू?"

चाल कुठल्या कुठे गेली होती. मला हसू आवरेना. आणि हसता हसताच त्याच चालीवर माझ्या तोंडून आलं, "दोन चमचे, दोन चमचे."

मग हे रोजचंच झालं. भाजी काय करू, पाणी तापलंय, पोस्टमन येऊन गेला, सगळं त्या एका चालीवर. दारं लावणंही तिनं पुढे सोडून दिलं. शेजारपाजारच्या बायका आधी तोंडाला पदर लावून हसायच्या, मग त्याही गाऊनच विचारायला लागल्या, "कसे आहात हो भाऊ?" टीव्हीची मदत झाली ती वेगळीच. जाहिरात लागली की मी बरोबरीनं म्हणायचो, आणि दंतमंजनाचं ते सगळं गाणं मला अडखळल्याशिवाय येऊ लागलं. ते लिहिणारा कुठे मुंबईत बसला असेल. वरणगावात एका माणसाची जीभ आपण सोडवली हे त्याला कधी कळणार नाही. मी मात्र त्याला मनातल्या मनात अनेकदा नमस्कार केला आहे.

तरी गाण्याबाहेरचा एक शब्द येईना. चाल काढून घेतली की सगळं बंद. त्यावर धनसिंगनं आपली तोड काढली. संध्याकाळी तो मला धरून मैदानावर न्यायचा. पोरं सराव करत असायची. तो मला रेषेबाहेर खुर्चीवर बसवायचा आणि सांगायचा, "तुले बोलता येत नही ना? मंग बोलू नको. नुसता दम घाल. एका श्वासमा. कबड्डी, कबड्डी, कबड्डी."

कबड्डी हा शब्द बोलण्यात मोडतो की गाण्यात, हे माझ्या जिभेला नीट ठरवता येत नसावं. ती फसली. पहिल्या दिवशी "कब" एवढंच आलं. पण महिनाभरात मी खुर्चीवर बसून एका दमात चढाई करून परत येण्याइतका कबड्डी कबड्डी करू लागलो. धनसिंग छाती फुगवून सगळ्यांना सांगायचा, "भाऊना दम दखा!" आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी झोक्यावर गात होत्या, तेव्हा मी त्यांच्या गाण्यात गाणं मिसळलं आणि मध्येच "पुरे" असं साधं, चालीवाचून म्हणालो. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

उन्हाळ्यात फॅक्टरीच्या मैदानावर सामने भरले. शेवटचा सामना आमच्या संघाचा आणि चाळीसगावच्या संघाचा. गर्दी चिक्कार. बायका एका बाजूला सतरंज्यांवर, त्यात सुनंदाबाई. धनसिंगनं माझी खुर्ची नेहमीच्या जागी, अगदी रेषेला लागून ठेवली होती. गुण बरोबरीत चालले होते. आमच्या संघाचा एक पोरगा चढाईला गेला, एकाला शिवला, आणि परत येताना कडेकडेनं वाकून निसटला. पंचांनी शिट्टी फुंकली. पाय बाहेर गेला, बाद.

पाय बाहेर गेला नव्हता. माझ्या नाकासमोरून गेला होता तो पाय. मी खुर्चीवरून उठलो. कसा उठलो ते माहीत नाही.

"पाय आत होता! मी पाहिला! इथं बसून पाहिला, रेषेला लागलाच नाही, काय पंच आहात का कोण आहात तुम्ही?"

धनसिंग पंचांशी भांडायला धावला होता. तो मध्येच थांबला आणि माझ्याकडे वळला. मैदानावर कुणाला काय झालं ते कळेना. पंच मला समजावत होते, "काका, निर्णय झाला, बसा." मी बसायला तयार नव्हतो. आणखी बरंच बोललो, आणि त्यात चाल अशी कुठेच नव्हती. धनसिंगनं येऊन मला मिठी मारली. तो रडत होता आणि मी त्याच्या खांद्यावरून अजून पंचांनाच सुनावत होतो.

निर्णय काही बदलला नाही. आमचा संघ हरला. चाळीसगावच्या पोरांनी ढाल उचलली आणि आमच्या लोकांनी मला. त्यांचा कप्तान चक्रावून विचारत होता, यांना हरल्याचा एवढा आनंद कसला? कुणीतरी त्याला सांगितलं. मग तोही येऊन माझ्या पाया पडला.

गर्दी पांगल्यावर मी आणि सुनंदाबाई क्वार्टरकडे निघालो. ऊन कलतं होतं. मी अजून उजवा पाय थोडा ओढत चालायचो, म्हणून ती माझ्या चालीनं चालत होती. दिवसभर स्वयंपाक, मग सामन्याला आलेल्या पाहुण्यांचं चहापाणी, मग मैदान. त्याआधीचे कितीतरी महिने माझं अंग पुसणं, घास भरवणं, बेसूर गाणं. मला तिला खूप काही सांगायचं होतं. आभार वगैरे शब्द आमच्या घरात कधी कुणी वापरले नाहीत, ते जिभेवर आलेही नसते. मी थांबलो. तीही थांबली, मला धाप लागली असं वाटून.

"दमलीस?" मी विचारलं.

इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला हे कधी विचारलं नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, पदराच्या टोकानं कपाळ टिपलं.

"हो," ती म्हणाली. "लई दमले."

मग आम्ही रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसलो. तिनं चपला काढून पाय मोकळे सोडले. घरी जायची घाई कुणालाच नव्हती.