चिंगीचं पान कोरं झालं

मित्रांनो, मी एका पाळणाघराची जुनी वेबसाइट आहे. मला छाती नाही, तरी हे सांगताना ती धडधडते.

पाळणाघराच्या ताईंची जाऊ संगणकाचं काम करायची. जेवणाच्या टेबलावर बसून तिनं मला पंधरा दिवसांत उभं केलं. प्रत्येक मुलाचं माझ्याकडे एक पान होतं. आईबाबा ते स्वतः भरायचे: फोन नंबर, औषधं, काय खायला द्यायचं नाही. स्वयंपाकाच्या मावशी खाऊ वाढण्याआधी मला विचारायच्या. सगळे माझं तोंडभरून कौतुक करायचे आणि मी हवेत असायचे.

एकदा जाऊबाईंनी माझं अपडेट केलं आणि मुलांचे फोटो इकडचे तिकडे झाले. बंटीच्या नावापुढे भलतीच मुलगी! ताईंनी त्याचा धसकाच घेतला. पुढे जाऊबाई दुसऱ्या गावी राहायला गेल्या. मग अपडेटची सूचना आली की ताई ‘नंतर’ हे बटण दाबू लागल्या. कामाला आलेल्या नव्या बाईंनाही त्यांनी शिकवलं, "आधी दार उघडायचं, मग पंखा लावायचा, मग हे ‘नंतर’ दाबायचं. चाललंय ना नीट? मग कशाला हात लावायचा?" तीन वर्षं हा नेम चुकला नाही.

इकडे अपडेट न मिळाल्यानं माझ्या सुरक्षेची कडी खिळखिळी झाली होती. ती कशी काढायची हे चोरांना ठाऊक झालं होतं. रोज कोणीतरी अनोळखी येऊन ती हलवून बघायचं. मी भीतीनं अर्धमेली व्हायचे, पण मला ओरडता येत नाही. कोणी विचारलं तरच मी बोलते, आणि जवळ असेल तेवढंच सांगते.

एका सकाळी कडी निघाली. आत शिरलेल्यानं सगळे फोन नंबर उचलले आणि जाताना पानं पुसून टाकली.

अकरा वाजता मावशींनी चिंगीचं पान उघडलं. साडेतीन वर्षांच्या चिंगीला शेंगदाण्याचा कणही चालत नव्हता. मी सांगितलं, ‘नोंद नाही.’

"ताई, चिंगीला आता शेंगदाणे चालतात वाटतं," मावशी म्हणाल्या.

"चालत असतील. तिची आई डॉक्टरांकडे नेणार होती तिला. तिनंच काढलं असेल."

मावशींनी तिलाही शेंगदाणे घातलेला खाऊ वाढला. दहा मिनिटांत चिंगीचे ओठ सुजले, छाती घरघरू लागली. मावशी तिला उचलून समोरच्या दवाखान्याकडे धावल्या. ताईंनी माझ्याकडे तिच्या आईचा नंबर मागितला. नोंद नाही. पुन्हा मागितला. नोंद नाही. इतकी भीती मला चोराचीही वाटली नव्हती.

डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन दिलं आणि चिंगी वाचली. जाऊबाई गावाहून धावत आल्या, त्यांनी माझी कडी बदलली. मुलांना न्यायला आलेल्या आईबाबांकडून सगळी पानं नव्यानं भरून घेतली. आता दर सोमवारी, मुलं यायच्या आत, ताई माझं अपडेट करतात. फोटो हलले तर हलू देत, म्हणतात.

मित्रांनो, तुमच्या घरातलं किंवा शाळेतलं एखादं यंत्र अपडेट मागत असेल, तर ते मोठ्यांच्या कानावर घाला. आम्ही फक्त सूचना दाखवू शकतो, कोणाचा हात धरू शकत नाही. चिंगी रोज येते. तिचं पान कोणी उघडलं की मी अजूनही घाबरते. ‘शेंगदाणे’ हा शब्द जागेवर आहे ना, ते आधी चाचपते आणि मगच बोलते.