मी गुरगुरणारच

मी एक जुना पंप आहे आणि मी आवाज करतो. मित्रांनो, हे मी खाली मान घालून सांगत नाही. आपली कहाणी सांगताना माझ्यासारख्याने आधी थोडे रडायचे असते म्हणे. मी रडणार नाही. अर्धे आयुष्य मी बोलणी खाल्ली आहेत, आता जरा तुम्ही माझे ऐका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात एक छोटा पंखा आहे. तो फिरला की पाणी वर चढते, एवढेच माझे शिक्षण. दुकानाच्या फळीवरून मला दातांच्या एका डॉक्टरीणबाईंनी उचलले. त्यांच्या बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती. तिच्यात दोन नारिंगी मासे आणि जिवंत प्रवाळ होते. टाकीखालच्या कपाटात आणखी एक लहान टाकी होती आणि तिच्या तळाशी, अंधारात, मी. मी पाणी वर ढकलायचे आणि ते वरून वाहत पुन्हा माझ्याकडे यायचे. या खळखळण्यातूनच माशांना पाण्यात हवा मिळायची. दिवसरात्र हेच काम, सुट्टी नाही.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. बाई पाहुण्यांना कपाट उघडून दाखवायच्या आणि म्हणायच्या, "चालू आहे हे कळतसुद्धा नाही." ही कसली स्तुती? पण तेव्हा मी हरखून गेलो होतो.

बाईंचा सगळा जीव एका प्रवाळावर होता. आणताना तो नखाएवढा तुकडा होता, तो वाढून तळहाताएवढा झाला. प्रवाळ पाण्यातले कॅल्शियम घेऊन आपला सांगाडा बांधते, म्हणून बाई पाणी तपासायच्या आणि कमी पडेल ते वरून घालायच्या. त्यासाठी दोन बाटल्या होत्या, एक कॅल्शियमची आणि दुसरी सोड्याची. त्या वेगवेगळ्या वेळी, थोड्या थोड्या घालायच्या असतात. पण सकाळी दवाखान्यात जायची घाई असायची. बाई दोन्ही लागोपाठ ओतून चपला घालायच्या. मग ती दोन्ही द्रावणे एकमेकांना भिडायची आणि त्यांचा चुना व्हायचा. तो बसायचा जिथे ऊब असेल तिथे, म्हणजे माझ्या अंगावर. पुढच्या तपासणीत कॅल्शियम पुन्हा कमी दिसायचे. बाईंना वाटायचे, प्रवाळ खादाड झाले आहे. त्या आणखी ओतायच्या. प्रवाळाला त्यातले फारसे मिळतच नव्हते, सगळा माल माझ्या अंगावर चढत होता.

पंखा जड झाला आणि मी गुरगुरू लागलो. दुसरे काय करणार? मला बोलता येत नाही.

बाईंचे सासरे, म्हणजे आमचे आजोबा, त्याच खोलीत आरामखुर्चीवर दुपारची झोप घ्यायचे. जन्मभर ग्रंथपाल होते. वाचकांना "शू" करण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी मलाही "शू" केले. मी ऐकले नाही. मग माझ्याखाली स्पंज आला. कपाटाच्या दाराला आतून फोम लागला. शेवटी आजोबांनी बाहेरून जुनी उशी टेकवली. मला गप्प करायला अख्खे घर कामाला लागले, पण याला झाले आहे तरी काय, हे बघायला कोणाला सवड नव्हती. आणि बाई तर दिवसभर लोकांच्या दातांवरचे किटण खरवडतात. मला तेव्हा संताप आला होता, अजूनही येतो.

एका दुपारी माझा पंखा चुन्यात घट्ट रुतला. मी थांबलो.

आता गंमत ऐका. आजोबा दचकून जागे झाले. आधी त्यांनी आपले कान चाचपले. मग उठून टाकीशी आले आणि त्यांनी सुनेला फोन लावला. त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो, म्हणून मलाही सगळे ऐकू आले.

"सूनबाई, तुझी मोटर गप्प बसलीये."

"बरंच झालं की बाबा. झोपा निवांत."

"झोप मोडली म्हणून तर फोन केला. मासे वर येऊन तोंड वासतायत. आणि तुझं लाडकं प्रवाळ पार आक्रसलंय."

बाईंच्या तोंडचे पाणी पळाले. "बाबा, माझा पेशंट अर्धवट दात घेऊन बसलाय, मला लगेच निघता येत नाही. प्लास्टिकचा मग घ्या आणि खालचं पाणी वर टाकत राहा. थांबलात तर काही वाचणार नाही."

आजोबांनी उशी बाजूला केली, दार उघडले आणि गुडघ्यावर बसले. हातातला प्लास्टिकचा मग खाली बुडायचा, वर जायचा. माझी नोकरी आजोबा करत होते. थोड्या वेळाने तेही कण्हू लागले, "अगं आई गं, हुश्श." मी मनात म्हटले, बघा, अंगावर ओझे आले की आवाज तुमचाही होतोच. पण एक सांगतो, ते थांबले नाहीत. बाई आल्या तेव्हा त्यांचा सदरा ओलाचिंब होता आणि मासे जिवंत होते.

बाईंनी मला उघडले आणि पंख्यावरचा चुना नखाने खरवडून पाहिला.

"बाबा, मी रोज ओतत होते ते सगळं इथं बसलंय."

"आणि मी त्याच्यावर उशी ठेवत होतो," आजोबा म्हणाले.

बाईंनी मला व्हिनेगरमध्ये बुडवले. चुना फसफसून सुटला आणि माझा पंखा पुन्हा मोकळा फिरला. प्रवाळाची एक कड पांढरी पडली, ती तशीच राहिली. बाकीचे हळूहळू उमलले. आता बाई एक बाटली सकाळी आणि दुसरी रात्री घालतात, तीही मोजून. आणि मला अधूनमधून अंघोळ मिळते.

मित्रांनो, घरातले काही कुरकुरू लागले, मग ते यंत्र असो की माणूस, त्याच्यावर उशी ठेवू नका. उघडून बघा. मी तर पुन्हा चुना चढला की पुन्हा गुरगुरणार, कोणाची झोपमोड झाली तरी.

आजोबांना आता ते मान्य आहे. रोज दुपारी झोपण्याआधी ते कपाटाला कान लावतात. तेव्हा बाई घरी असल्या आणि फोनवर बोलत असल्या, तर आजोबा ओठांवर बोट ठेवतात आणि सुनेला "शू" करतात.