धोंडुबाईंच्या केसपेपरची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना केसपेपर आहे. माणसाचं सारं आयुष्य माझ्यावर लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी माझ्यावर 'खोकला, पंधरा दिवस' एवढंच होतं आणि कोपऱ्यात डॉक्टरांच्या कपाचं गोल वर्तुळ.

साल ब्याण्णव. कोल्हापुरातला दवाखाना. माझ्यावर नाव पडलं धोंडुबाईंचं. शेजारी त्यांचे मालक गुंडूअण्णा. डॉक्टर धोंडुबाईंकडे बघून विचारत होते आणि उत्तरं गुंडूअण्णा देत होते.

"विडी?"

"वडतो की."

"तुमचं नाही, त्यांचं विचारतोय."

"ती कशाला वडंल?"

"काम काय करतात?"

"बाईमानसाला काय काम? घरकाम."

'व्यसन नाही. घरकाम.' झाली माझी हिस्ट्री. धोंडुबाईंनी तोंड उघडलं ते फक्त जीभ दाखवायला.

दर हिवाळ्यात त्या येत राहिल्या, दर खेपेला थोड्या हलक्या होऊन. मला नवी पानं टाचली गेली. डॉक्टर बदलत, पण प्रत्येक जण मागच्या पानावरून तीच ओळ उतरवून घेई. एकाने बेडक्यात जंतू नसतानाही टीबीच्या गोळ्या चालू केल्या. धोंडुबाईंनी त्या आठ महिने इमानाने गिळल्या. मला बाई दुधाच्या पिशवीत गुंडाळून आणत. कंपाउंडर आकारामने एकदा सगळ्या रांगेला माझा नीटनेटकेपणा दाखवला. मी फुगलो. आतून मात्र मला कळत होतं, माझ्यावरची अक्षरं वाढताहेत आणि बाईंचा श्वास आखूड होतोय. शेवटी दवाखान्याच्या चार पायऱ्यांना त्या तीनदा थांबू लागल्या.

दोन हजार तीन साली श्रुती डॉक्टर आल्या.

"काका, तुम्ही बाहेर बसा."

"मी बाहीर गेल्यावर सांगनार कोन?"

"त्या."

गुंडूअण्णांना हसू आलं, पण गेले. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मावशी, उठल्यापासून दिवसभर काय काय करता?"

धोंडुबाईंनी आधी दाराकडे पाहिलं. "पाचला चूल. मग हंगाम असला की चुलवानाला बसायचं."

चुलवाण म्हणजे गुऱ्हाळात रस आटवायच्या मोठ्या काहिलीखालची भट्टी. तिच्या तोंडाशी बसून दिवसभर उसाची चिपाडं आत सारायची.

"धूर लागतो?"

"लागतोय की. चिपाडं वली असली की जुनी टायरं घालतोय, चपला घालतोय. मग लई काळा."

"किती वर्षं?"

"लगीन झाल्यापास्नं. सव्वीस हंगाम झालं."

"आणि कुणाला सांगितलं नाही?"

"कुनी इचारलं न्हाय की."

फुंकायच्या यंत्रात त्यांनी तीनदा फुंकलं. निम्म्याहून जास्त फुप्फुस गेलेलं होतं. गेलेलं परत येत नाही. उरलेलं राखायचं तर धूर बंद, असं डॉक्टरीणबाईंनी गुंडूअण्णांना आत बोलावून सांगितलं.

"अकरा वर्षं घरकाम सांगत होतात?"

"मग? गुऱ्हाळ घरचंच हाय."

मित्रांनो, दवाखान्यात जो खोकतो त्यालाच बोलू द्या. विचारणाऱ्याने थोडं थांबावं. माझ्यासारख्या कागदावर मागची ओळ उतरवून काढायला फार सोपी असते, एवढंच माझं सांगणं.

गुंडूअण्णांनी डॉक्टरीणबाईंचा शब्द पाळला. त्याच हंगामात धोंडुबाई चुलवाणापासून उठल्या.

आता तिथे त्यांची सून पूर्णिमा बसते. तिचा केसपेपर अजून काढलेला नाही.