मांडवावरचे मासे

मासळीची खोकी विमानातून उतरताना पाहून मला हसूच फुटलं. युकॉन नदीच्या काठावर उभा जन्म गेला, पण मासा वरून आलेला कधी पाहिला नव्हता.

"दात काय काढतोस? धर की," इग्नाटी खेकसला. हा माझा मावसभाऊ. अंगात कंपनीचं नवंकोरं निळं जाकीट, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. धावपट्टीवर येणारा माल उतरवणं हे माझं काम, तेव्हा मी धरलं.

इग्नाटी कुत्र्यांच्या गाडीच्या शर्यती धावतो. पूर्वी कुत्री नदीवरच पोसली जायची. उन्हाळ्यात मासे वाळवायचे, हिवाळ्यात त्यांना घालायचे. मग नदीतला मासा आटला, सरकारनं जाळी बंद केली, आणि कुत्र्यांचं खाणं पोत्यांतून विकत आणायची वेळ आली. निम्मी कुत्री गेली. उरलेल्यांसाठी इग्नाटी प्रायोजक शोधत दारोदार फिरला. दुकानदारानं टोपी दिली. बिंगोच्या खेळाला जमलेल्यांनी नुसत्या टाळ्या वाजवल्या. बर्फ पडेपर्यंत सोय झाली नसती तर तरणी कुत्री कुणाला तरी देऊन टाकायची होती. म्हाताऱ्या कुत्र्यांना कुणी घेत नाही, त्यांचं काय करतात ते गावात कुणी बोलत नाही.

शेवटी 'हो' म्हणाली ती एकच कंपनी. समुद्रात मोठी जहाजं चालवणारी. आमचे मासे तिच्याच जाळ्यांत जातात असं सगळं गाव म्हणतं.

"घे बाबा," मत्रोनामावशी, म्हणजे त्याची आई, म्हणाली होती. "कुत्र्यांना काय कळतंय, कुणाचं खातोय ते." त्यानंतर ती त्याच्याशी बोललीच नाही.

कंपनीची हेदर नावाची मुलगी फोटो काढायला आली होती. वाळवणाचा मांडव रिकामा बरा दिसणार नाही, म्हणून तिनं मासेही सोबत आणले. स्वभावानं गोड होती, तिच्यावर रागावताही येईना. मी सुरी घेऊन बसलो.

वासानं मावशी बाहेर आली. दारात थोडी थबकली, मग आत जाऊन स्वतःची अर्धगोल सुरी घेऊन आली.

"असा धरतात का मासा? तुझ्या आईनं काय शिकवलं तुला?" तिनं माझ्या हातावर फटका मारला. "सरक तिकडं. डोकी वेगळी ठेव, सूप करू."

किती वर्षांनी मी तिला हसताना पाहत होतो. ती कापत होती, इग्नाटी टांगत होता, आणि कुत्री साखळ्या ताणून आपापल्या घरांच्या छपरांवर नाचत होती. मांडव भरला. मायलेक बोलायला लागले. मला वाटलं, होईल सगळं ठीक.

फोटो झाले. हेदर म्हणाली, "आजी, काय सुंदर कापलेत! आता मात्र काढावे लागतील. उद्या खालच्या गावात याच माशांचा फोटो आहे."

मावशीनं हात पुसले आणि आत गेली. मासे खोक्यांत मीच परत भरले. डोकी तेवढी राहिली, ती फोटोत लागत नव्हती. इग्नाटीनं ती कुत्र्यांना घातली. मावशीनं एक स्वतःला ठेवलं, गोठवून.

नदी गोठायच्या सुमाराला पोती आली, त्यांच्यासोबत छापील फोटो. भरलेला मांडव, हसणारी मावशी. खाली लिहिलं होतं, 'नदी भरभरून देते.' तो फोटो नदीकाठच्या प्रत्येक गावात पोचला.

त्या संध्याकाळी मी आणि इग्नाटी मावशीकडे चहा पीत होतो, तेव्हा वरच्या गावातून तिच्या धाकट्या बहिणीचा, सोफीचा, फोन आला. तिचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"फोटो पाहिला गं. मांडव भरलाय."

"ते आमचे नाहीत, सोफी. फोटोपुरते आणलेले."

"हं."

"देवाशपथ गं."

"असू दे. मी कुठं मागितले?"

फोन बंद झाला. आमच्याकडे ज्याचा मांडव भरलाय त्यानं कुणी मागायची वाट बघायची नसते, आपणहून वाटायचं असतं.

मावशीनं इग्नाटीसमोरचा कप उचलून विसळायला घेतला. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो उठून बाहेर गेला, मी त्याच्या मागे.

"पोती परत पाठव," तो म्हणाला.

"विमानाचं भाडं कोण भरणार?"

कुत्री भुकेनं रडत होती. मग त्यानं खिशातून चाकू काढला आणि पहिलं पोतं फाडलं.

सकाळी मावशी धावपट्टीवर आली. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं, दगडासारखं गोठलेलं.

"सोफीला पाठव."

मी उघडून पाहिलं. ते डोकं होतं.

"मावशी, ती म्हणेल, म्हणजे मासे होते तर."

"म्हणू दे. दिलं नाही असं तरी म्हणणार नाही."

मी वजनकाट्यावर ठेवलं, भाडं काही लिहिलं नाही. पायलटनं पुडकं हातात घेऊन हुंगलं.

"वा! मासे आले वाटतं यंदा?"

मावशीनं डोक्यावरची टोपी नीट केली.

"हो," ती म्हणाली. "यंदा बरे आहेत."