चार कोपरे उभे

हरभरा निघाल्यावर मी एक चौरस मीटरची लोखंडी चौकट वावरात दहा ठिकाणी टाकली आणि तिच्या आत सांडलेले दाणे मोजले. सर्वांत कमी एकवीस, सर्वांत जास्त साठ, सरासरी अडतीस. शंभर दाण्यांचं वजन बावीस ग्रॅम. म्हणजे आमच्या पाच एकरांत हार्वेस्टरने सुमारे एकशे सत्तर किलो हरभरा जमिनीवर सांडला होता. शिवाय चारही कोपरे उभे होते. एवढं मोठं मशीन कोपऱ्यात काटकोनात वळत नाही, गोल फिरतं. प्रत्येक कोपऱ्यात साधारण आठ चौरस मीटर पीक राहिलं होतं.

चांदूर रेल्वेकडचं हे वावर माझ्या बाबांचं. अकोल्याला एम.एस्सी. करताना शिकलेली मोजणी मी पहिल्यांदाच घरच्या शेतात करत होते. बाबांना आकडा सांगितला तर ते म्हणाले, “मातीत गेलं ते गेलं. कोपरे कापून घे.” आणि विळा माझ्या हातात दिला.

पहिल्या कोपऱ्यात पार्बताबाई बसल्या होत्या. नवरा वारल्यावर मागच्या वर्षी त्या अचलपूरहून आमच्या गावी राहायला आल्या. ख्रिस्ती, एकट्या. सांडलेले दाणे, म्हणजे सरवा, वेचायला गावातल्या बाया दरवर्षी येतात. त्यांना कोणी ना म्हणत नाही. पण उभ्या पिकाला त्या हात लावत नाहीत. पार्बताबाई मुळासकट झाडं उपटून फडक्यावर रचत होत्या.

“ओ बाई!” बाबा ओरडले. “उभ्या मालाले हात कावून लावून राहिल्या?”

“चोरून नाई घेऊन राहिली, भाऊ. दिवसाढवळ्या घेऊन राहिली. कोपरा मायाच हाय.”

“कोनं देला?”

“देवानं. मोशेच्या नियमशास्त्रात लिवलं हाय, पीक कापतानी कोपरे सोडा. विधवेसाठी, परक्यासाठी. मी दोन्ही हाव.”

बाबा हसले. “तुमचा देव एवढा पुरवते, तं आभायातून टाक म्हना ना त्याले!”

“टाकत होता. रानात मोशेच्या लोकायले चाळीस वर्षं अन्न टाकलं. मंग लोकायले वावरं देली अन् सांगतलं, आता तुमी सोडा.”

“सातबाऱ्यावर हाय काय त्याचं नाव?”

“सातबाऱ्यावर तुमचंच हाय. पावसावर कोनाचं हाय?”

आपणच कापून द्यावं, भांडण मिटेल, असं वाटून मी विळा घेऊन वाकले. पार्बताबाईंनी माझं मनगट धरलं.

“तू कापून देशीन तं ते दान झालं, पोरी. मी मांगाले नाई आली. घ्याले आली.”

मी विळा खाली ठेवला.

“बाबा, चारही कोपरे मिळून सहा-सात किलो होईन. तुमच्या मशीननं एकशे सत्तर सांडलं.”

“किलोची गोष्ट नाई, खुशे. आज कोपरा, उद्या धुरा-बांध, परवा अर्धं वावर. रीत पडून जाते.”

“पडू द्या.”

बाबांनी माझ्याकडे पाठ फिरवली. मग पार्बताबाईंना म्हणाले, “बरं, हा एक घ्या अन् निंगा.”

“वावराले कोपरे किती असते, भाऊ?”

“असं काय? मंग ना तुमाले, ना मले. चारहीवर रोटावेटर फिरवतो.” बाबा तरातरा बांधाशी रोटावेटर जोडून उभ्या असलेल्या ट्रॅक्टरकडे निघाले.

मी धावले. त्यांच्या आधी पोहोचले, चावी काढली आणि खिशात टाकली.

“चावी दे.”

“नाई देत.”

“वावर कोनाचं हाय हे?”

“तुमचं.”

“मंग?”

“बाईंचं काम होऊ द्या. तवरिक चावी मायाजवळ राहीन.”

“शिकवलं ते हेच्यासाठी काय तुले?”

“हेच्यासाठीच समजा.”

“घरी ये तू. सांगतो तुले.”

“येतेच.”

बाबा पायी गावाकडे गेले. पार्बताबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. पहिला कोपरा संपवून त्या दुसऱ्याकडे निघाल्या. मी ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून बसले.

पाच वाजता चौथा कोपरा मोकळा झाला. पार्बताबाईंनी झाडं काठीने झोडपली, दाणे सुपाने उपणले, थैलीत भरले. थैली मी मोजणीसाठी आणलेल्या ताणकाट्याला अडकवली.

सहा किलो आठशे ग्रॅम.