काजळीचे केस

सुषमाचं पत्र श्रावणात आलं होतं आणि तुळशीचं लग्न जवळ आलं तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

सुषमा माझी सून. म्हणजे योगराज असेपर्यंत सून. आता तिला काय म्हणायचं ते मला ठरवता येत नाही. योगराज हजीऱ्याला कंत्राटदाराकडे कामाला होता. गेल्या वर्षी उन्हाळ्यात परांचीवरून पडला. तेरावा झाल्यावरही सुषमा काही महिने इथेच, नवागामच्या आमच्या खोलीत राहिली. मग तिचा भाऊ येऊन तिला पिंपळनेरला घेऊन गेला. मी रिक्षापर्यंत पिशवी नेऊन दिली. काहीतरी बोलायला हवं होतं. मी तिला प्रवासात पाणी पीत जा, एवढंच म्हणालो.

पत्रात दोन गोष्टी विचारल्या होत्या. दोंडाईच्याचं स्थळ आलं आहे, माणूस जिनिंगमध्ये कामाला आहे, त्याचीही बायको वारलेली. पाट लावायचा म्हणतात. ‘आप्पा, तुम्ही हो म्हणालात तर मी हो म्हणेन. नाही म्हणालात तर विषय संपला.’ आणि खाली, जागा उरली म्हणून लिहावं तसं, ‘काजळीचे केस परत आले का?’

पहिल्या प्रश्नाला हात घालायचा मला धीर झाला नाही. म्हणून मी दुसरा प्रश्न आधी सोडवायचं ठरवलं. केस आले की दोन्ही उत्तरं एकदम लिहू.

काजळी म्हणजे आमची मांजर. प्लेगच्या सालानंतर चाळीत ज्याला त्याला मांजर हवं होतं, तेव्हा योगराजने तिला डब्याच्या पिशवीतून आणलं. काळीभोर. सुषमा तिला सुकट भिजवून घालायची, आणि उन्हात बसली की तिच्या पाठीवरून बोट फिरवलं तर बोटाची रेघ चमकत राहायची. योगराज गेल्यावर ती त्याच्या कामाच्या पँटवर झोपायला लागली. ती पँट आम्ही कुणी उचलली नाही. सुषमा जायच्या आधी काजळीच्या पोटावर केस गेलेला, आठ आण्याएवढा गुलाबी डाग दिसला होता. सुषमा गेल्यावर तो वाढत मांड्यांपर्यंत गेला.

मी महापालिकेच्या मराठी शाळेत मास्तर होतो. काही अडलं की पुस्तक काढायचं, एवढंच मला येतं. वाचनालयात जनावरांच्या आजारांवरचं एक मराठी पुस्तक सापडलं, पण त्यात गाय, म्हैस, बैल आणि शेवटी थोड्या कोंबड्या. जनावराचा केस उभा राहिला, तेज गेलं, तर पोटात बिघाड समजावा, असं त्यात होतं. मांजराला हे लागू पडतं की नाही, कुणाला विचारणार? मी चष्मा लावून काजळीचं पोट पाहत बसायचो. खपली नव्हती, लाली नव्हती. उलट्या दिशेने बोट फिरवलं तर दाढीचे खुंट लागावेत तसं लागायचं. पाठीचे केस मात्र काळ्याचे तांबूस होत चालले होते, कारण मी तिला दूध-पोळीच घालत होतो. ते लक्षात आल्यावर मी सुकट आणली. तिने हुंगली आणि पोट चाटायला बसली.

समोरच्या खोलीत निंबा राहतो. बमरोलीला लूम चालवतो. अमळनेरकडचा, वयाने योगराजपेक्षा मोठा, त्याच्यावर भावासारखा जीव. एका रविवारी तो डब्यात जळकं ऑइल घेऊन आला. लूमच्या मशीनमधून काढलेलं, डांबरासारखं. त्यात गंधक कालवलेला होता.

“गुरुजी, हाई खरूज शे. आते लायं नही ते बठ्ठा आंगले पसरी जाई.”

“खरूज वाटत नाही रे,” मी म्हणालो. “खपली नाही.”

“खपली येवानी वाट देखतस का? आमना गावले बैलले, कुत्राले हाईच लावतस. आठ दिनमा केस.”

त्याची बायको सरलाबाई दारातून हसली. “गुरुजी, यास्ना नादी लागू नका. मागला साल मना गुडघाले लायं, आजून वास येस.”

“गुडघा दुखस का आते?”

“गुडघा नही, नाक दुखस.”

मी हसलो. नको म्हणायची तीच वेळ होती, ती हसण्यात गेली. खरं सांगायचं तर ‘आठ दिनमा केस’ हे शब्द माझ्या डोक्यात बसले होते. निंबाने काजळीला गोणपाटात धरलं आणि पोटाला, मांड्यांना, पाठीलाही ऑइल चोपडलं. सुटल्याबरोबर ती खाटेखाली गेली. दुपारभर खालून जिभेचा खरखर आवाज येत होता. मी वर बसून वाचत होतो. तो आवाज कसला, हे मला कळत होतं. त्याचा अर्थ कळत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिच्या तोंडातून फेस आला. उलटी काळी होती. निंबाने पाळी सोडली आणि आम्ही रिक्षाने जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होता. त्याने बोट लावून वास घेतला.

“काका, आ शुं लगाव्युं छे?”

“लूम का ऑइल, साब,” निंबा म्हणाला. “मैंने लगाया.”

“बिलाडी बळद नथी, भाई. एना शरीर पर जे लगाडो ते एना पेटमां जाय.”

बैल सगळं अंग चाटून स्वच्छ करत नाही, मांजर करतं. हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो.

डॉक्टरने साबणाने ऑइल काढलं, सुई दिली. मग दिव्याखाली पोट पाहिलं. “चामडी तो चोख्खी छे. खरज नथी. वाळ खर्या नथी, एणे पोते चाटी चाटीने तोड्या छे.” म्हणजे केस गळले नव्हते, तिनेच चाटून तोडले होते. त्याने वर पाहिलं. “घरमांथी कोई गयुं छे?”

निंबानेच सांगितलं, “दो जन, साब. लडका गुजर गया. बहू मायके गई.”

डॉक्टरने मान हलवली. लिव्हरवर आणि किडनीवर परिणाम झाला असणार, म्हणाला. आणि निघताना, “चाटवानुं साव बंध करे, तो समजजो.”

चाटणं अजिबात थांबलं तर काय समजायचं, ते आम्हाला लवकरच समजलं. काजळीने पोट चाटणं सोडलं, तेव्हा पहिला दिवस मला बरंच वाटलं. वाटलं, आता केस येतील. पण तिने पंजेही चाटले नाहीत, तोंडही पुसलं नाही. पाठीवरचे केस चिकटून त्यांच्या बटा झाल्या, फटींतून कोंडा दिसायला लागला. शेपटीजवळ घाण तशीच राहिली. मी ओल्या फडक्याने पुसलं, सुषमाच्या जुन्या कंगव्याने विंचरलं. कंगव्यात केस येत राहिले. हात लावला की ती पूर्वी अंग ताणायची, आता ताणत नव्हती. एवढे दिवस मी चाटण्यालाच रोग समजत होतो.

एका रात्री ती योगराजच्या पँटवरच गेली. सकाळी निंबाने तिला पँटसकट उचललं आणि मी नको म्हणालो नाही. खाडीच्या काठाला प्लास्टिक आणि चिंध्याच जास्त, माती कमी. निंबा बराच वेळ खणत होता.

“गुरुजी, मनाच हातनं व्हयनं हाई,” तो म्हणाला.

“तू एकटा नव्हतास.”

परत आल्यावर सरलाबाईने चहा आणला. कप ठेवला आणि उभीच राहिली. “गुरुजी, एक सांगू का? सुषमाना भाऊना निरोप व्हता. दोंडाईचावाला तुळशीना लगीनलोंग थांबतीन. मंग दुसरीकडे देखतीन.”

“सुषमा काय म्हणते?”

“ती काय म्हनी? ती तुम्हना कागदनी वाट देखस.”

चहावर साय धरली. कंगवा खिडकीत होता, त्यात काळे-तांबूस केस अडकलेले. केस आले असते तर मी उत्तर लिहिलं असतं का? मला नाही वाटत. मी म्हणालो असतो, अजून थोडी चमक येऊ दे. जोवर उत्तर जात नव्हतं, तोवर सुषमा या घराची होती. तिथे पिंपळनेरला ती भावाच्या घरी भाकऱ्या थापत पोस्टमनकडे पाहत असेल, हे मला दिसत नव्हतं असं नाही.

मी आंतरदेशीय पत्र काढलं. मायना दोनदा खोडला. ‘सौ.’ लिहिता येत नव्हतं आणि दुसरं काही लिहायचं नव्हतं. शेवटी नुसतं ‘सुषमा’ लिहिलं.

‘काजळी गेली. तिचे केस आले नाहीत. खरूज नव्हती, ती स्वतःच चाटून तोडत होती. आम्ही औषध समजून ऑइल लावलं, ते तिच्या पोटात गेलं. तू असतीस तर लावू दिलं नसतंस. दोंडाईच्याला हो म्हण. मला विचारायची गरज नव्हती, तरी विचारलंस. आणि मी तुला ताटकळत ठेवलं. पाट लागेल त्या दिवशी बोलावलंस तर येईन. योगराजची पँट काजळीबरोबर दिली.’

पेटी दिंडोलीच्या रस्त्यावर आहे. निंबा पाळीला निघाला होता, तो सोबत चालत आला. पेटीपाशी त्याने विचारलं, “कागदमा लिखं का, ऑइल मी लायं ते?”

“आम्ही लावलं, असं लिहिलं आहे.”

तो बमरोलीच्या बाजूला वळण्याऐवजी तिथेच उभा राहिला. मी पत्ता पुन्हा एकदा वाचला. पिंपळनेर, तालुका साक्री, जिल्हा धुळे. पत्र पेटीत टाकलं. झाकण हातून सुटून आपटलं.