भिंत वाळायला किती दिवस लागतात

सिमेंट, दोन बोटं जाड

एप्रिलमध्ये ओडोनने लग्नाचा कोट कपाटातून काढला, तर कोटाला हिरवी दाढी आली होती. कपाट सरकवलं. मागची भिंत छातीपर्यंत काळी पडलेली.

शहरातून इंजिनियर आला. त्याने भिंतीत स्क्रूड्रायव्हर टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला, लोण्यात सुरी जावी तसा.

"मातीच्या विटांचं घर आहे. मागच्या हिवाळ्यात धड बर्फ पडलं नाही म्हणून वाचलात," तो म्हणाला. "यंदा कडक थंडी पडली तर हे पाणी आतल्या आत गोठेल. पाणी गोठलं की फुगतं. भिंत खालून सुटली की छप्पर खाली. ऑक्टोबर संपायच्या आत घर सोडा."

घर सोडायचं म्हणजे मुलीच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, सोफ्यावर. ओडोनच्या बायकोने, इर्माने, स्क्रूड्रायव्हर पुसून इंजिनियरच्या हातात दिला आणि फाटकापर्यंत त्याला सोडायला गेली.

बाहेरून भिंतीला कमरेपर्यंत सिमेंट होतं. अकरा वर्षांपूर्वी ओडोनने स्वतः लावलं होतं ते. गल्लीत एकाने लावलं, मग दुसऱ्याने, मग मागे राहिला तो गरीब ठरायला लागला. ओडोनचं सगळ्यात गुळगुळीत होतं. लोक थांबून हात फिरवून जायचे.

चुना, भाकरीइतका जाड

रोझालनेनी चौऱ्याऐंशीची. गावात म्हाताऱ्या बाईच्या नावाला नेनी लागतंच, पण तिला सगळे नुसतं नेनी म्हणायचे, जणू बाकीच्या नव्हत्याच. अर्ध्या गावाच्या भिंती तिने लिंपल्या होत्या. लिंपण हे बायकांचं काम. पुरुष फार तर माती तुडवणार.

ती काठी टेकत आली. सिमेंटवर काठीने टकटक केलं, मग वर मातीवर केलं, मग ओडोनकडे बघितलं.

"पोरा, तू घराला रबरी बूट घातलेस."

"पावसाचं पाणी लागू नये म्हणून लावलं, नेनी."

"पाणी काय फक्त वरून येतं? जमिनीतून पिते भिंत, आणि अंगातून सोडते. तू तिचं अंगच बंद केलंस. आता ती बिचारी पाणी चढवत चढवत तुझ्या कोटापर्यंत आली."

"सगळ्यांनीच लावलं होतं."

"हो ना. सगळ्यांच्याच कपाटांना दाढी आलीय. तू फक्त उघडून बघितलंस."

इर्मा हसली. एप्रिलपासून पहिल्यांदा.

ओडोनने छिन्नी घेतली. आपलंच काम फोडायला त्याला नऊ दिवस लागले. सिमेंटचे पत्रे खाली पडत होते आणि मागून ओली, आंबट वासाची माती दिसत होती. वळचणीच्या नळाजवळ एक कोपरा मात्र निराळा निघाला. अकरा वर्षांपूर्वी तिथला जुना चुना खरवडायचा त्याने कंटाळा केला होता आणि तसंच वरून सिमेंट ओढलं होतं. तळहाताएवढी एक खपली हातात आली.

नेनीने ती उन्हात तिरपी धरली. "तुझा आळस कामाला आला बघ."

खपलीच्या कडेला रेषा होत्या. कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या, एकीवर एक. ओडोनने चष्मा वर केला, खाली केला.

"दर ईस्टरच्या आधी एक हात," नेनी म्हणाली. नखाने ती कड चाचपत गेली. एकशे चाळीसपर्यंत मोजून तिने सोडून दिलं. "ही तपकिरी दिसते? युद्ध संपलं त्या वसंतातली. चुना कुठेच नव्हता. तुझ्या आजीने पिवळी माती कालवून फासली, पण भिंत उघडी ठेवली नाही. मी पाच वर्षांची होते. माझ्या आईनेही तेच केलं."

नख पुढे सरकलं आणि थांबलं.

"आणि ही बघ. इथून तुझी आई घरात आली."

तिथून रेषा निळसर होत्या. आई चुन्यात नीळ घालायची, जरा जास्तच. तीसएक रेषा, एकसारख्या. मग पुन्हा पांढऱ्या.

"इथून मी," इर्मा म्हणाली. "मला तो निळा कधी आवडला नाही. आजारी माणसाच्या ओठांसारखा. दोन वर्षं सासूबाई आणि मी बोललो नव्हतो त्यावरून."

आयुष्यभर ओडोन या भिंतीला टेकून बूट काढत आला होता. पाठीमागे एवढी माणसं एकावर एक उभी आहेत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटच्या पांढऱ्या रेषेनंतर काहीच नव्हतं. अकरा वर्षं, काहीच नाही.

त्याने खपली रुमालात गुंडाळली, आणि मग ती कुठे ठेवावी ते त्याला कळेना.

माती, अर्धा हात

मे.

थंड रात्रीनंतरची सकाळ. ओडोन अंगणात आला आणि जागीच राहिला. पूर्वेचं ऊन नुकतंच उघड्या भिंतीवर पडलं होतं, आणि भिंतीतून वाफ निघत होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. नांगरून आलेल्या घोड्याच्या पाठीवरून निघते तशी, सावकाश, आवाज न करता. अकरा वर्षांचं पाणी घरातून निघून चाललं होतं.

त्याने नकळत टोपी काढली.

"इर्मा."

ती पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. दोघं वाफ थांबेपर्यंत उभी राहिली. आत चुलीवर काहीतरी करपलं.

जून, जुलै, ऑगस्ट

टकटक. ओलं.
टकटक. ओलं.
टकटक. वरून कोरडं.
आलुबुखार पिकले. टकटक.
नेनीने गाल भिंतीला लावला, बराच वेळ. "लिंपू या."

पुन्हा माती, आता बाहेरच्या दिशेने

सप्टेंबरच्या सुरुवातीला ओडोनने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि माती, भुस्सा, घोड्याची लीद तुडवली. नेनी खुर्चीत बसून हुकूम सोडत होती. इर्मा हाताने लिंपत होती. ओडोनने थापी उचलली तशी नेनीने काठी आडवी केली.

"ठेव. मागच्या वेळी गुळगुळीत करून काय दिवे लावलेस?"

हिरवं

आठव्या दिवशी भिंत उगवली.

ओडोनने आधी डोळे चोळले. भिंतीवर खालपासून खिडकीपर्यंत बोटभर उंच कोवळे कोंब आले होते, सगळे वर वळलेले. भुश्शात राहिलेले गव्हाचे दाणे. उभं शेत.

कोंब म्हणजे पाणी. अंगठ्याने तो ते उपटायला लागला.

"हात लावू नकोस," फाटकातून नेनी म्हणाली. "पेरलंस ते उगवलं. लाज कसली वाटते? ते तुझ्यासाठी पाणी पितायत. मरू दे त्यांना आपल्या मरणाने. पिवळे पडून वाळले, की समज भिंत वाळली. मग चुना."

"आणि त्याआधी थंडी आली तर?"

नेनी फाटकाच्या कडीशी खेळत राहिली. "तर इंजिनियर बरोबर होता," ती म्हणाली.

मग दहा दिवस पाऊस. ओडोनने वळचणीपासून ताडपत्री बांधली, भिंतीपासून हातभर दूर, वारा खेळावा म्हणून. रोज सकाळी तो ती उचलून आत डोकवायचा. हिरवं. मुलीचा फोन आला, सोफ्याला नवं कापड घातलंय. हिरवं. रेडिओवर सांगितलं, उत्तरेत दव गोठलं. टोकं पिवळी, बुडखे हिरवे.

ऑक्टोबरच्या सहा तारखेला वारा फिरला. कोरडा, मैदानावरून येणारा, दारं आपटणारा. त्याने ताडपत्री सोडून टाकली. तीन दिवस भिंत वाऱ्यात सळसळली. चौथ्या दिवशी ओडोनने तळहात फिरवला आणि सगळं शेत गवतासारखं मोडून त्याच्या बुटांवर पडलं.

टकटक. आवाज कोरडा, पोकळ आला, जसा भाजलेल्या पावाच्या बुडातून येतो.

चुना, कागदाइतका

नेनीला सर्दी झाली होती. तिने निरोप पाठवला: हात एकच द्या, पातळ द्या, घाई करू नका.

"तू दे," इर्मा म्हणाली.

"बायकांचं काम आहे."

"सिमेंट कुणाचं काम होतं?"

त्याने बादली उचलली. इर्माने एप्रनच्या खिशातून निळीची पुडी काढली. दुकानात आता मिळत नाही; कुठून आणली ते तिने सांगितलं नाही. चमचाभर टाकली, ढवळली.

"एवढीच. तुझ्या आईइतकी नाही."

दुपारपर्यंत सगळी भिंत रंगवून तो मागे सरला, आणि त्याचा चेहरा पडला. काहीच दिसत नव्हतं. भिंत नुसती ओली, राखाडी, मातीच्या रंगाची, जणू त्याने दिवसभर पाणीच फासलं होतं.

"पातळ झाला," तो म्हणाला. "वाया गेलं सगळं."

"बस."

दोघं उपड्या बादल्यांवर बसली. इर्माने पावावर डुकराची चरबी फासून आणली होती, वर कांदा. ऊन कलत होतं. ओडोन चावायचं विसरला.

वळचणीखाली एक ठिपका उजळला होता. मग त्याच्या बाजूला दुसरा. कुणी हात लावत नव्हतं, आणि भिंत वरून खाली, वाऱ्याने वाळेल तशी, आपली आपण पांढरी होत चालली होती. अगदी पांढरी नाही. सावलीत, नळाजवळच्या कोपऱ्यात, किंचित निळी.

"एक," इर्मा म्हणाली.

ओडोनने खिशातल्या रुमालावर हात ठेवला. पांढरा रंग पार जमिनीपर्यंत उतरू दिला, आणि मगच तो उठला. ती खपली त्याने आत नेऊन खिडकीच्या फळीवर ठेवली, कड बाहेर दिसेल अशी.

रात्री अंगणात पहिलं दव गोठलं. सकाळी गवत पांढरं होतं, अगदी भिंतीच्या पायापर्यंत. त्याने बाहेर येऊन भिंतीला तळहात लावला.

थंड होती. आणि कोरडी.